आय.एन.आर.

चौतीस वर्षं मी नोटा मोजल्या
मल्हारगंजच्या सहकारी बँकेत, जाळीमागे,
ओल्या स्पंजवर बोट टेकवत.
गड्डी कमी असली तर मला कानानं कळायचं,
पंखा खडखडत असला तरी.

आता रात्री अडीचला
डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसते
आणि हिशोब लागत नाही.
दोन ठोके चिकटून येतात, कोऱ्या नोटांसारखे,
मग एक जागा रिकामी,
मग चार-पाच एकदम, कुणी काउंटरवर फेकल्यासारखे,
मग इतका वेळ काहीच नाही
की मी गादीवर हात टेकते.

कळलं त्या दिवशी तसं काही झालंच नव्हतं.
जिन्यात दम लागला, सहाव्या पायरीवर,
हातात दोडक्यांची पिशवी.
डॉक्टर तरुण. कागदाची लांब पट्टी धरून म्हणाला,
एट्रियल फिब्रिलेशन.
वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात,
रक्त रेंगाळतं, गोठू शकतं,
गुठळी सुटली तर मेंदूकडे.
पाऊण मिनिटात सांगून झालं.
पुढचा नंबर पुकारला.
मी घरी येऊन दोडके चिरले.

मग रक्त पातळ करायची गोळी, संध्याकाळी सातला,
आणि पंधरवड्याला ती तपासणी.
पहिल्या रिपोर्टवर छापलेलं: आय.एन.आर. १.६
मी हसले. लॅबमधली मुलगी दचकली.
अगं, आमच्याकडे याचा अर्थ भारतीय रुपया!
पोरांनी परदेशातून पाठवलेल्या ड्राफ्टांवर
हीच तीन अक्षरं असायची.
दोन ते तीनच्या मधे हवा, ती म्हणाली, गंभीरपणे.
म्हणजे मी सध्या एक रुपया साठ पैसे.

लॅबबाहेर जेल रोडच्या वळणावर एक बाकडं आहे.
त्यावर लछवानी बसतात, कापडवाले,
सहा वर्षं हाच आजार, ज्येष्ठतेनं कोपऱ्याची जागा त्यांची.
म्हणाले, "मेथी छोड़नी नहीं है, मॅडम,
रोज उतनीच खानी है."
एक दिवस पातेलंभर आणि चार दिवस शून्य, असं नको.
डॉक्टरला विचारलं. त्यानं मान हलवली, बरोबर.
मग आधी का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही.

देपालपूरच्या रामकन्याबाईंना वाचता येत नाही.
कधी अख्खी गोळी, कधी अर्धी, गोंधळ व्हायचा.
त्यांच्या कॅलेंडरवर मी चंद्र काढून दिले,
पूर्ण आणि अर्धे.
महिन्यात पंधरा पौर्णिमा बघून त्यांची सून म्हणे
हात जोडायला लागली.

शादाबची रिक्षा आहे, वय एकोणतीस, झडप बदललेली.
परवान्यामागे त्यानं चिठ्ठी चिकटवलीय:
रक्त पातळ करायची गोळी घेतो.
तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली
तर वेळ बघा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.
मलाही एक करून दिली. पर्समध्ये आहे,
निवृत्तीवेतनाच्या कार्डाला लागून.

एकदा बाकड्यावर कुणी नसताना मी त्याला विचारलं,
रात्री तुलाही...?
तो म्हणाला, हो.
एवढंच.
पुढे कुणी काही बोललं नाही, आणि बरं वाटलं.

गेल्या मंगळवारी लछवानी आले नाहीत.
त्यांचा नंबर दोनदा पुकारला गेला.
रामकन्याबाईंनी पदर तोंडाशी धरला.
कोपरा रिकामाच ठेवला आम्ही, उभ्या माणसालाही दिला नाही.
या मंगळवारी हजर, हातात लग्नाची मिठाई!
भाच्याचं लग्न होतं, उल्हासनगरला.
तिघांनी मिळून जे झापलं त्यांना,
लॅबमधली मुलगी बाहेर येऊन बघून गेली.
माझा रिपोर्ट त्या गडबडीत तसाच मुठीत:
अडीचला एक कमी.

आज पुन्हा जाग आली.
पूर्ण एक मिनिट मोजलं, भिंतीवरच्या काट्याकडे बघत,
निसटले ते निसटले.
पिवळ्या वहीत तारीख, वेळ, आकडा लिहिला,
आणि आकड्याआधी
चौतीस वर्षांत कधी लिहिला नाही तो शब्द:
अंदाजे.
खाली सही केली.