दोनशे पासष्टावी जागा

उद्यमनगरात आमचं दुकान, दहा बाय बारा.
दिलावर मोटारी भरतो, मी पॅनेल जोडतो.
एकतीस वर्षं एकाच पंख्याखाली,
वार्निशचा वास दोघांच्या शर्टाला.

फाउंड्रीतनं फोन आला की शब्द ठरलेले :
"ब्लोअर बंदच होईना."
जाऊन झाकण उघडायचं.
लाल बटण दाबून दाबून पोरं दमलेली
आणि आत कॉन्टॅक्टरचे दोन पॉइंट
जळून एकमेकांना चिकटलेले.
हुकूम कुणाचाच नाही. मोटार फिरतेय.

दिवाळीनंतर दिलावरच्या मानेत गाठ आली,
सुपारीएवढी, न दुखणारी.
"दाढेची असंल," म्हणाला.
महिन्यात लिंबाएवढी झाली.
थंडीतसुद्धा रात्री उठून
बनियन पिळून वाळत टाकायचा.

शेंडुरे मॅडमनी रिपोर्ट माझ्या हातात दिला,
कारण चष्मा माझ्याकडं होता.
पांढरी पेशी, त्यातली बी जातीची.
तिच्या अंगावर कान असतात.
ओळखीचा जंतू कानाला लागला
की आत निरोप जातो, ह्याच्याकडनं त्याच्याकडं,
थेट केंद्रापर्यंत : जागी हो, वाढ, लढ.
जंतू संपला, निरोप संपला.
"मग ह्यांच्यात काय झालं?"
निरोप्यांच्या साखळीत एका प्रथिनाचं
एक अक्षर बदललंय.
दोनशे पासष्टाव्या जागी ल्युसीन पाहिजे होतं,
प्रोलीन बसलंय.
दाराशी कुणी नाही. घंटा वाजतेय.

मी म्हणालो, कॉन्टॅक्टर चिकटलाय.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
हो, म्हणाल्या.

दिलावर खिडकीशी गेला. खाली केएमटी वळत होती.
"बदललं कुणी?"
चोर नावानिशी पाहिजे असल्यासारखं विचारलं त्यानं.
वार्निशनं? बिडीनं?
पोरांना जाईल का?

पोरांना जाणार नाही. हे जन्माचं नव्हे.
ह्या पेशीचं कामच तसलं :
नव्या जंतूला नेमकं धरता यावं म्हणून
ती स्वतःचीच अक्षरं घासून बघते,
किल्ली बसेपर्यंत कानस मारावी तशी.
कधी कानस घसरते,
घासू नये तिथं लागते.

त्या रात्री मला शिरोलीचा पंप आठवत राहिला.
मीच जोडलेला. दोन फेज अदलाबदल झाल्या,
पंप दिवसभर उलटा फिरला, पाणी चढलं नाही.
मालकानं शिव्या घातल्या, चहा पाजला,
मी दोन वायरी बदलल्या.
एवढ्यावर मिटलं.

आता रोज कॅप्सूल.
ती अक्षर दुरुस्त करत नाही,
साखळीत पुढं एका ठिकाणी आडवी बसते.
"म्हंजे फ्यूज काढून ठेवायचा," दिलावर म्हणाला,
"पॉइंट तसाच."
"तसाच."
"कवापर्यंत?"
मी रिपोर्ट उलटून पाहिला. मागं कोरा होता.

आज गाठ परत सुपारीएवढी आहे.
तो सीलिंग फॅन भरायला बसलाय,
ओठ हलवत वेढे मोजतोय.
मी काहीतरी विचारलं,
त्यानं नुसता हात वर केला : गप्प, मोजणी चुकंल.
दोनशे त्रेसष्ट. चौसष्ट.
पुढच्या वेढ्याला तार थोडी थांबली,
त्यानं ती नखानं चाचपली,
ओढून बघितली,
आणि सहासष्ट म्हणाला.