मासिक सभा, ठाणे शाखा

महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार.
म्हणजे पावणेचारलाच सगळ्या हजर.
उशिरा आलेली एकटी मी, कार्यवाह.
चरईतून वडे घेऊन निघालेली माझी रिक्षा
कापूरबावडीला मेट्रोच्या खांबाखाली अडकली.

हॉल कोळशेत रोडच्या सोसायटीचा, तळमजल्यावर,
भिंतीवर योगवर्गाची वेळ आणि एक बंद घड्याळ.
बुकिंगच्या वहीत वॉचमनने लिहिलंय
‘फौजींच्या मिसेस’.
गेल्या वर्षी तळपदेबाईंनी खाडाखोड करून
‘फौजी’ एवढंच ठेवलं होतं.
या वर्षी वही नवीन.

तळपदेबाई म्हणजे मेजर, ऑर्डनन्स.
यजमान एलआयसीत.
लग्नाकार्यात लोक यजमानांनाच विचारायचे, पोस्टिंग कुठे?
ते शांतपणे सांगायचे,
‘तिचं लेह. माझं नौपाडा.’

विषय एक : जानेवारीचं हळदीकुंकू.
नाव बदलून तिळगूळ समारंभ म्हणावं का?
लोखंडेबाई म्हणाल्या, नाव काहीही ठेवा,
कुंकू कुणाला लावायचं आणि कुणाला नाही
हे चाचपत दारात उभी राहणारी बाई नको.
ठराव मंजूर. सूचक सगळ्याच.
अनुमोदक लिहायला कुणी उरलं नाही.

विषय दोन : हयातीचा दाखला.
ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत
त्यांच्यासोबत नोव्हेंबरात बँकेत दोघींनी जायचं.
मला पेन्शन नाही. दहा वर्षं सिग्नल्स, मग आभार.
त्यामुळे मी जिवंत आहे का,
हे सरकार मला विचारत नाही.
मी दुसरीचा अंगठा पदराने पुसते
आणि काचेवर दाबून धरते.

मग तांबोला.
आकडे कर्नल डाबरेच काढतात, कायमच्या.
वय एक्याऐंशी, आवाज वसईचा,
अजून वॉर्डाच्या टोकापर्यंत पोचणारा.
सुरुवात मेसच्या पद्धतीने :
दोन बदकं, बावीस.
दोन जाड्या बायका, अठ्ठ्याऐंशी.
लोखंडे मुकादमकडे बघते, मुकादम लोखंडेकडे.

‘सतरा,’ म्हणाल्या आणि थांबल्या.
‘सतराचं ड्रेसिंग बदललं?’

कुणी हसलं नाही.

‘तेवीस. घरचं पत्र आलंय.
वाचून दाखवा, त्याचे डोळे बांधलेत.’
पिशवीत पुन्हा हात.
‘सत्तेचाळीस. पोटात लागलंय.
कितीही मागू दे, पाणी द्यायचं नाही.
ओठ तेवढे ओले करा.’

कॅप्टन मुकादम,
जिचा जन्मच एकाहत्तरनंतरचा,
खुर्ची मागे सारून उभी राहिली.
‘सतराचं झालं, मॅडम.’
‘तेवीस?’
‘वाचलं, मॅडम. घरी सगळं ठीक. गाय व्यायली.’
‘सत्तेचाळीस?’

मुकादमला सुचेना.
पंखा कटकट करत फिरत होता.
तळपदेबाई म्हणाल्या, ‘झोपलाय, मॅडम.’

डाबरेबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.
‘खोटं बोलतेस,’ म्हणाल्या, पण रागाने नाही,
आणि आकड्यांची पिशवी माझ्या हातात दिली,
रात्रपाळीवालीला किल्ल्या द्याव्यात तशी.
मग चहा मागितला. साखर वेगळी.

इतिवृत्तात मी लिहिलंय :
खेळ वेळेअभावी अपुरा. फुल हाऊस नाही.
बक्षिसाचा कुकर पुढच्या सभेपर्यंत कपाटात.
वडे चार उरले, ते वॉचमनला.

माझ्या तिकिटावर सत्तेचाळीस होता, खालच्या ओळीत.
पेन्सिल हातात होती. मी खोडला नाही.

निघताना तळपदेबाईंनी वही मागून घेतली,
‘च्या मिसेस’ यावर दोन रेघा मारल्या,
राहिलेल्या ‘फौजीं’वरचा अनुस्वारही खरवडला.
वॉचमन वडा तोंडात धरून बघत होता.
म्हणाला, मॅडम, पेन माझं आहे.