बडतर्फ

पहिला निरोप आला तेव्हा मी पाळीवर होते,
मोल्डिंग मशीनसमोर, हातमोजे कोपरापर्यंत.
खिशात फोन थरथरला:
‘आपला विद्यार्थी ओजस यास आज साडेबारा वाजता
बडतर्फ करण्यात येईल.’

वय वर्षं नऊ. इयत्ता चौथी.
असं काय केलं असेल?

माझ्या वडिलांना एसटीने बडतर्फ केलं होतं,
लातूर-निलंगा गाडीवर,
साडेतीन रुपयांचा हिशेब लागेना म्हणून.
त्यानंतर आमच्या घरात
तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही.
छत्तीस वर्षांनी तो ईरीला आला,
माझ्या मागोमाग, शुद्धलेखनासकट.

धावत गेले. शाळेच्या दारातून
सगळीच पोरं बडतर्फ होऊन बाहेर पडत होती,
टोप्या भिरकावत, जिभेवर बर्फ झेलत.
सरोवरावरून वादळ येत होतं,
शाळा लवकर सुटली होती.
सुटली.
एवढंच म्हणायचं होतं त्या अ‍ॅपला.

तसा माझा त्याच्यावर राग नव्हता.
भाषांच्या यादीत अरबी, नेपाळी, युक्रेनियन, स्वाहिली
ओलांडताना बोटाखाली मराठी आली,
तेव्हा परक्या स्टँडवर गाववालं भेटावं तसं झालेलं.
पण हे गाववालं जरा चमत्कारिक.
‘शेताची सहल’ म्हणालं, म्हणून जुने बूट घालून धाडला,
पोरगं गेलं म्युझियमला.
एकदा रात्री पावणेबाराला कळवलं:
‘ओजस आज प्रकार होता.’
मी त्याला झोपेतून उठवलं. काय प्रकार केलास?
वर हातमोजेही हरवून आलेला.
भिंतीकडे तोंड करून झोपला परत.

मग मीच एकदा लिहिलं,
बाई, हा टॅबलेटवर गणित सोडून भलतंच बघतो,
जरा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

सकाळी सातला फोन. निरोप नव्हे, फोन.
मिसेस वॉयचिक, शाळेची नर्स,
आणि मधे कुठल्याशा शहरातून एक हिंदी दुभाषा,
तिघंही हळू आवाजात:
कृपया मुलाच्या डोळ्यांत काहीही घालू नका.

दुपारी गेले. चौथीच्या खुर्च्या,
गुडघे हनुवटीपाशी, मधे ओजस.
तेलाचं कळल्यावर बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.
मग मी तो ‘प्रकार’ काढून पुढे धरला.
त्यांनी मूळ वाक्य दाखवलं,
ओजसने वाचलं, आणि दुभाषा गप्प झाला.
‘आई, प्रकार नाही. त्याचे इंग्लिशमध्ये दोन अर्थ असतात.’
दुसरा कोणता?
‘चांगला,’ तो बुटांकडे बघत म्हणाला.
‘म्हणजे, दुसऱ्याशी चांगला.’
हातमोज्यांचं बाईंनी खुणांनीच सांगितलं:
काँगोहून आलेला नवा मुलगा,
खिडकीजवळचा, तोच.

मी नकाशाकडे बघत राहिले, उगीच, बराच वेळ.

निघताना बाई म्हणाल्या,
तुमच्या ओजसमधला ज मला अजून जमत नाही.
माझ्या आडनावातला जे
या गावात शंभर वर्षं कुणाला जमलेला नाही.

आता मी मशीनला झेपेल असं लिहिते.
कर्ता, कर्म, क्रियापद. म्हण नको, लाडीगोडी नको.
‘ओजसला ताप आहे. तो येणार नाही.’
कधी कधी घरातही तसंच बोलून जाते,
आणि तो ताटावरून वर बघतो:
आई, तू चिडलीस का?

साडेतीनला दार ढकलतो, दप्तर फेकतो,
ओरडतो, बडतर्फ!
मीही ओरडते.
आजोबांचं अजून सांगितलेलं नाही.