इको रूम, दुसरा मजला

पहिल्या आठवड्यात खंबाटा मॅडमनी
काळजाबद्दल काहीच शिकवलं नाही.
म्हणाल्या, जेली आधी आपल्या तळहातावर घ्यायची,
वीसपर्यंत मोजायचं,
मगच पोराच्या छातीला लावायची.
एमडीचं सुवर्णपदक घेऊन अंबाजोगाईहून
परळला आलेली मी
मुठीत थंडगार निळा गोळा धरून उभी,
बालवाडीतल्यासारखी: एक, दोन, तीन.

मग रंग.
लाल म्हणजे शुद्ध, निळं म्हणजे अशुद्ध,
शाळेतली आकृती डोक्यात इतकी घट्ट
की इथे येऊनही पडद्यासमोर जीभ घसरायची.
"नाही दीकरा, लाल म्हणजे आपल्याकडे येणारं,
निळं म्हणजे लांब जाणारं.
रक्त तेच. तू प्रोब कुठे धरतेस, त्यावर सगळं."

रात्री हॉस्टेलच्या खोलीतून व्हिडिओ कॉल.
तीन वर्षांची रेवा फोन उलटा धरते,
मला अंबाजोगाईचा पंखा दिसतो, फिरणारा,
आणि कुठूनतरी तिचा आवाज:
आई, मी आत्ता कामात आहे.

लहान भोक फार बोंबलतं, मॅडम सांगत,
मोठं गप्प असतं.
मी वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या,
आणि विसरले.

जमनी वरठा जव्हारहून आली
नाशिकमार्गे, तीन इस्पितळांच्या तीन फायली घेऊन.
तिचं बाळ पाच महिन्यांचं, वजन साडेतीन किलो,
नाव अजून ठेवलेलं नाही,
केसपेपरवर नुसतं 'बेबी ऑफ जमनी'.
मी स्टेथो लावला. खरखर नाही, फुरफुर नाही.
पेन टेकवलंच होतं: विशेष काही नाही.
तेवढ्यात ती बोलली, दिवसभरातलं पहिलं वाक्य,
"पितं न् थांबतं. कपाळ भिजतं."

पुढे मशीननं
तिचंच म्हणणं रंगवून दाखवलं.
दोन खोल्यांमधली भिंत जवळजवळ नाहीच,
रक्त इकडून तिकडे निवांत,
दार नसलेल्या घरात
शेजारीण शिरावी तसं.
मी वीस मोजले होते की नाही, आठवत नाही.
बाळ रडलं नाही, एवढं खरं.

"आज तू सांग," मॅडम म्हणाल्या
आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.
लॉगबुकात इकोला रकाना आहे (चारशे बारा),
याला नाही.
मी स्टूल खाली ओढलं.
माझी मराठी बीडची, तिची डोंगरातली,
मधे वैती सिस्टर, उरणची,
तिघींत मिळून एक भाषा जेमतेम होत होती.
चिठ्ठीच्या पाठीवर काळीज काढलं,
बटाट्यासारखं झालं.
भोक काढलं. ठिगळ काढलं.
शंभरात किती वाचतात तो आकडा तयार ठेवला,
खर्च कुठल्या योजनेतून, तेही.
तिनं यातलं काहीच विचारलं नाही.

"तिथं आत थंडी असंल?"

वैती सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.
थिएटर कसं असतं मला माहीत आहे.
माहीत आहे की टाके घालताना
बाळाचं अंग मुद्दाम गार करतात,
काळीज थांबवतात,
मग हळूहळू ऊब देत परत आणतात.
वर्षभर मी या हातांनी
थेंब थेंब जेली कोमट करत बसले,
आणि आता.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
मी म्हणाले, हो. असते.
नंतर गरम करतात. पण असते.

तिनं मान हलवली.
पदराच्या टोकानं बाळाची छाती पुसली,
उरलेली जेलीसुद्धा,
मग त्याच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली,
दोन घड्या घातल्या
आणि माझ्या एप्रनच्या खिशात ठेवली,
"बाहेर आलं का लगेच घाल," म्हणाली.

गुरुवारी सकाळच्या राउंडला
नवीन मुलगा आला आहे, पहिल्या वर्षाचा, लातूरचा,
थेट बाटलीतून जेली ओतायला निघाला होता.
मी त्याचा हात धरला.
मोज, म्हटलं.
तो मोजत होता, मोठ्यानं,
आणि माझा दुसरा हात खिशात,
त्या टोपीवर.