पाठीचे साचे

स्लेटच्या शेडमध्ये, माळ्यावर,
माझ्या भावाच्या नऊ पाठी ठेवल्या आहेत.

म्हणजे साचे. नवी गाडी आली की नवी सीट.
कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत दोन द्रव ओततात,
लांबेर वर बसतो, हात स्टिअरिंगवर, श्वास बेताचा,
आणि खालून फेस फुगत, तापत
त्याच्या मणक्यांचा हिशेब लिहून घेतो.
पंधरा मिनिटं हलायचं नाही.
जन्मात तेवढाच तो गप्प बसला असेल.

पहिला साचा एवढासा. वय सोळा.
त्या वर्षी बाबांनी क्रेन विकली
आणि मी शिडीवर चढले.
चढ असं कुणी म्हणालं नव्हतं.
उतर असंही कुणी म्हणालं नाही.

स्ताव्हलोपासून माल्मेदीपर्यंत
मी चर्चं शाकारली, गोठे शाकारले.
तो झोल्डर, झांडफोर्ट, मोंझा करत राहिला,
उघड्या चाकांच्या, एकट्याच्या गाडीत.
एकट्याच्या गाडीत किती जण बसलेले असतात
ते मला टायरची बिलं भरताना कळलं.

पाठ दाखवली म्हणजे हरला, असं आपलं म्हणणं.
त्याच्या धंद्यात उलटं आहे:
सगळ्यांना ज्याची पाठ दिसते तो जिंकतो.
दोन हंगाम सगळ्यांनी लांबेरची पाठ पाहिली.
सहावा साचा तेव्हाचा.
त्यावर अजून कुठेतरी शँपेनचा चिकटा आहे,
मुंग्यांना बरोबर ठाऊक आहे कुठे.

सातवा कोरा.
मोठ्या संघानं बोलावलं, माप घेतलं, हात मिळवला,
आणि मार्चमध्ये ती जागा
एका बिस्किटवाल्याच्या मुलाला दिली.
लांबेर वर्षभर कानाला हेडफोन लावून
पिटच्या भिंतीशी उभा. राखीव.
आई त्याच्या टोप्यांना इस्त्री करायची.
टोपीला कोण इस्त्री करतं?

मग छप्पर असलेल्या गाड्या आल्या.
म्हटलं, आलास ना शेवटी माझ्या धंद्यात.
तो हसला नाही. दोन दिवसांनी हसला.

तिथे एक जागा तिघांची:
लांबेर, केमीचा एक अबोल फिन,
आणि ओसाकाचे दंतवैद्य होरिगुची,
ज्यांच्या पैशावर चाकं फिरतात.
साचा अर्थात दंतवैद्यांच्या मापाचा.
लांबेर आपली पातळ गादी काखेत घेऊन
भाडेकरूसारखा आत शिरतो,
दोन तास चालवतो, गादी उचलतो,
पुढच्याचे पट्टे घट्ट करून देतो.
रात्री तीनला जागा सोडायची
आणि तरी जागं राहायचं.
सीट घामानं ओली मिळते, ओलीच द्यायची.
मला म्हणाला, गाडी चालवायला मी इथे शिकलो.
मी विचारलं नाही, मग आधीची पंधरा वर्षं काय होती.

एका रविवारी, त्यांच्या चोवीसातल्या विसाव्या तासाला,
मी पाद्रीबुवांच्या गळक्या छपरावर होते.
डोंगरापलीकडून गाड्यांचा आवाज येत होता.
फोन वाजला. त्यांची इंजिनियर:
लांबेर विचारतोय, पाऊस किती मिनिटांत?
मी माल्मेदीवरचा ढग पाहिला, बोट ओलं करून वर धरलं,
म्हटलं, अकरा.
त्यांनी पावसाचे टायर चढवले.
पाऊस आला एकोणिसाव्या मिनिटाला.
तोवर कोरड्या रस्त्यावर त्या टायरांची सालं निघाली होती
आणि तिसऱ्याचे ते आठवे झाले होते.
अजून जेवताना मीठ मागतो तेव्हा म्हणतो,
दे, अकरा मिनिटांत दे.

या ऑक्टोबरात तो नववा साचा घेऊन आला.
त्रेचाळीस वर्षांचा. माळ्याच्या शिडीवर दोनदा थांबला.
वर सातव्यात, त्या कोऱ्यात,
आईची तांबडी कोंबडी बसली होती,
गादी नको, माप नको, अगदी नेमकी.
तो बराच वेळ बघत राहिला.
तिला उठवलं नाही.
नववा खाली जमिनीवरच ठेवला.

खाली येऊन म्हणाला, उद्या किती वाजता निघतेस?
सहाला, म्हटलं.
आणि बूट बदल.
त्या पातळ तळव्यांनी स्लेटवर कुणी चढत नाही.