फेरिटिन सहा

रात्री दीडच्या सुमारास डोंगराच्या पोटात सुरुंग उडतात.
पलंगाखालची सपाता बोटभर सरकते,
कपाटातले पेले एकमेकांना विचारतात, झालं?
किरुनाची माणसं त्या आवाजावर नुसती कूस बदलतात.

मी हेल्मी लांट्टो. मालगाडी चालवते.
अडुसष्ट डबे, डब्यात शंभर टन,
इथून थेट नार्विकच्या धक्क्यापर्यंत.
बावीस वर्षं लोखंड ओढते आहे
आणि डॉक्टरीणबाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या,
तुमच्यात लोखंड नाही.
फेरिटिन सहा.

सहा म्हणजे
कोठार झाडल्यावर सुपात येते तेवढी धूळ.
मी हसले. हसताना धाप लागली.

आधी गोळ्या.
रिकाम्या पोटी, संत्र्याच्या रसाबरोबर,
मागेपुढे दोन तास कॉफी नाही.
दोन तास!
इथे डिसेंबरात सूर्य उगवत नाही,
आम्ही तो किटलीतून ओतून घेतो.
जिभेवर दिवसभर नाणं चोखल्याची चव,
पोटात रुळाखालची खडी,
आणि सकाळी डांबर. आणखी काय सांगू.
महिन्याने त्या म्हणाल्या, दिवसाआड घ्या.
आतड्याच्या दारावर एक पहारेकरी असतो,
काल आत सोडलं की आज अडवतो.
मग दिवसाआड. मग कधी विसरून.
मग कधी विसरले असं सांगून.

आई म्हणाली, पायालात आम्ही
रेनडिअरच्या रक्ताची धिरडी खायचो,
कुणाला चक्कर येत नव्हती.
(तिची बहीण बाळंतपणात गेली,
ते ती या वाक्यात धरत नाही.)

चार महिने लोखंडाचे चणे खाऊन
फेरिटिन अकरा.

मग ही खुर्ची, हा दंड, ही बाटली.
आत तपकिरी, आईच्या कॉफीसारखं गडद.
नर्सचं नाव अस्मेरेत, केरेनची,
तिची बोटं माझी शीर
बर्फाखालचा सांधा शोधावा तशी शोधतात.
म्हणाली, हात हलवू नका,
बाहेर सांडलं तर डाग राहतो.
माहीत आहे. लुलेओच्या चुलतबहिणीच्या
कोपरात गंजाचा डाग आहे,
तिची मुलं त्याला आइसलँड म्हणतात.

पंधरा मिनिटं.
पहारेकऱ्याला न विचारता
मागच्या दाराने अख्खा डबा आत.
नंतर अर्धा तास बसून राहायचं,
क्वचित कुणाचा घसा आवळतो म्हणून.
गोळ्यांची डबी पावाच्या भावात येते.
बाटलीची किंमत तिने सांगितली नाही,
मीही विचारली नाही.

त्या अर्ध्या तासात
अर्ज भरता भरता, मान वर न करता,
अस्मेरेतने विचारलं,
पाळीत किती पॅड लागतात?

मी मोजायला लागले.
रात्री दोनदा उठते, म्हटलं,
गादीवर टॉवेल असतो,
गाडीवर मी नेहमी काळीच पँट घालते.
सगळ्याच असं करतात ना?

तिने पेन खाली ठेवलं.
नाही, म्हणाली. सगळ्या नाही करत.

बावीस वर्षं.
माझ्या गाडीचा एक डबा गळाला
तर सिग्नल लाल होतो, माणसं बर्फात उतरतात,
सात पानी अहवाल जातो.

तिसऱ्या आठवड्यात मी इंजिनाची शिडी
एका दमात चढले.
वर जाऊन उभी राहिले, उगाच,
आणि खाली बघितलं.
टोर्ने तळ्यावर निळसर उजेड होता,
तो आधीही असणार.

चौदा तारखेला बायकांच्या डॉक्टरकडे वेळ मिळाली आहे.
बाटली भरते, शोधत नाही.
गोळीही शोधत नव्हती.
डबीत एकतीस उरल्यात. टाकल्या नाहीत,
अस्मेरेत म्हणाली, पुढे लागतील कदाचित.

दीड वाजला. सपाता सरकल्या.
मी जागीच आहे.
किटली ठेवते.
आज मधे दोन तास नाहीत.