नाव शेवटी

वडिलांच्या वेळी पोटमाळ्यावर
सहाशे तयार कप असायचे.
कबड्डीचे, कॅरमचे, बॅट उगारून थिजलेले,
आणि बॅडमिंटनचे एकोणपन्नास,
जे कुणाच्या तरी तोंडी शब्दावर बनवले
आणि कुणीच न्यायला आलं नाही.
दर दसऱ्याला आम्ही ते पुसायचो.
पैसा धूळ खातो म्हणजे काय
हे मी कॉलेजच्या आधी फडक्यानं शिकले.

धोबीतलावचं दुकान माझ्याकडे आलं
तेव्हा पहिला हात घातला तो आट्यांना.
अकरा जातींचे बोल्ट.
ह्याचा त्याला बसत नाही, त्याचा कुणालाच नाही.
एक ठरवला : पाव इंची.
आता कुठलाही कप कुठल्याही बैठकीवर,
कुठलाही खेळाडू कुठल्याही कपावर.
कप तीन उंचींचे. बैठक एकच, काळी.
पितळी माणसं बरण्यांत घातली, खेळवार,
लोणच्यासारखी.
आणि फोन येईपर्यंत
काही म्हणजे काही जोडायचं नाही.

"म्हणजे शॉपमध्ये आता एक पण ट्रॉफी नाय?"
बोनिफास अंकलनी चष्म्यावरून विचारलं.
नाही.
पण सहाला कुणी सांगितलं,
उद्या सकाळी परळला बुद्धिबळ आहे,
तर साडेसहाला आहे.

अंकल चाळीस वर्षं पाट्या कोरतात.
त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
तो मला हिशेब लावताना सापडला.
पूर्वी फायनलच्या आदल्या रात्रीच
दोन पाट्या कोरून ठेवायचे, दोन्ही संघांच्या.
मैदानात एक चिकटायची,
दुसरी खिशातून परत यायची.
विजेता : नवप्रभात व्यायामशाळा, नायगाव.
विजेता : दर्यासागर क्रीडा मंडळ, वरळी.
विजेता, विजेता, विजेता,
डबाभर हरलेले.

काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे.
भंगाराचा भाव लिहिला, फुकट गेलेली मजुरी लिहिली,
आणि नियम केला : नाव शेवटी.
शिट्टी वाजल्यावर, निकाल लागल्यावर,
अंकल तिथेच खुर्ची टाकून बसतील
बॅटरीवरचं छोटं यंत्र मांडीवर घेऊन.

डबा विकते म्हटलं, तर म्हणाले, थांब गो.
अगदी तळातून एक पाटी काढली,
अंगठ्यानं घासली.
आंतरशालेय हॉकी, चौदा वर्षांखालील, १९८८.
शाळेचं नाव, बाकी काही नाही.
"लास्ट मिनिटाला गोल खाल्ला," म्हणाले.
"गोली आमचा होता. आमचा पोरगा."
मग यंत्राची सुई बदलत बसले,
बदलायची नव्हती तरी.

परवा शिवडीला सामना बरोबरीत सुटला.
संयुक्त विजेते, आणि कप एक.
अंकलचा फोन : अजून एक पाठव, सेम टू सेम.
बरणीतून माणूस काढला, पिळला, पाठवला,
वीस मिनिटं.
वडील असते तर त्यांनी
बॅडमिंटनवाला पाठवला असता, रॅकेट तोडून.

व्याज वाचतं, जागा वाचते,
पोटमाळ्यावर आता पंखा लावून मी जेवते.
डब्यात वर्षभरात काहीच पडलेलं नाही.
कधी दुपारी अंकल पायानं तो जरा आत सरकवतात
आणि आतलं पितळ वाजतं.
स्टॉकच्या वहीत मी तो धरत नाही.
भंगाराच्याही नाही.